लॉन्ड्रीला लागलेला फोन

३ फेब्रुवारी, मंगळवार

चिरंजीवांचा फोन. चिरंजीव म्हणजे आमच्या पेपरच्या मालकांचे चिरंजीव. तेच आता संपादक. वाचता येतं की नाही याची खात्री नाही, पण संपादक आहेत.

म्हणाले, "काका, पंधरा तारखेला वर्धापनदिनाची पुरवणी काढतोय. तुम्ही काहीतरी खुसखुशीत द्या. चाळीस वर्षांपूर्वी याच तारखेला आपल्या पेपरात काय काय आलं होतं, त्याची गंमत. लोकांना जुनं फार आवडतं."

लोकांना जुनं आवडतं! मग मला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ का दिलात? हे मनात. तोंडाने म्हणालो, "बघतो."

हिने विचारलं, कोण होतं. सांगितलं. "घ्या की. घरात बसून भिंतींना नावं ठेवण्यापेक्षा बरं."

भिंतींना मी नावं ठेवत नाही. भिंती त्यातल्या त्यात सज्जन आहेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

सहा वर्षांनी ऑफिसात पाऊल टाकलं. जिथे छपाईची यंत्रं धडधडायची तिथे आता काचेची खुराडी. प्रत्येकात एकेक जण कानात बोंडं घालून बसलेला. कुणी वर पाहिलं नाही. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाला भेटायचंय आजोबा?" आजोबा! याला नोकरीला लावायची चिठ्ठी मीच दिली होती.

जुने अंक जिन्याखाली. तिथला दप्तरी माझ्याच वयाचा. त्याला निवृत्त करायचं विसरलेत. तो तिथे आहे हेच कुणाला माहीत नसावं. मला पाहून इतका खूश झाला की बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः अंकांच्या गठ्ठ्यावर बसला.

चाळीस वर्षांपूर्वीचा १५ फेब्रुवारीचा अंक काढला. काय तो अंक! शेंडा ना बुडखा.

पहिल्या पानावर मंत्री : "पाच वर्षांत शहर पाणीटंचाईमुक्त करू." मंत्री गेले. टंचाई ठणठणीत आहे. आज सकाळीच नळाने दोनदा खोकून मान टाकली.

त्याच्या शेजारी मनोऱ्यावरचं बंद घड्याळ. त्याच्यासाठी तिघांची समिती, सहा महिन्यांत अहवाल द्यावा म्हणून. घड्याळ बंद असताना सहा महिने झाले हे समितीला कळणार कसं, असा प्रश्न कुणाला पडलेला नाही.

वर कोपऱ्यात "हवामान कोरडे राहील". शेवटच्या पानावर चौकट : "मुद्रणालयात पावसाचे पाणी शिरल्याने आजचा अंक चार पाने कमी देत आहोत."

मधल्या पानावर दोन फोटो. एक सापडलेलं पाकीट परत करणारा बस कंडक्टर, दुसरा पकडलेला खिसेकापू. ओळी एकमेकांखाली गेलेल्या. दुसऱ्या दिवशीचा अंक उघडून पाहिला. खुलासा होता : "काल प्रामाणिक म्हणून छापलेले गृहस्थ चोर असून चोर म्हणून छापलेले प्रामाणिक आहेत. वाचकांनी योग्य तो बदल करून वाचावे." कंडक्टरच्या बायकोने काय करून वाचलं असेल कोण जाणे.

वाचकाचं एक पत्र. तुमच्या पेपरात छपाईच्या चुका फार होतात अशी तक्रार. खाली सही : "आपला, एक मस्त वाचक." त्रस्त होता बिचारा. आम्ही मस्त केला.

आणि तिसऱ्या पानावरचं हे रत्न. उतरवूनच आणलं :

"उद्घाटनाच्या गंभीर प्रसंगी हास्य. नव्या टेलिफोन केंद्राच्या उद्घाटनानिमित्त मंत्रिमहोदयांनी नगराध्यक्षांच्या निवासस्थानी करावयाचा पहिला दूरध्वनी तेथील महिला ऑपरेटरने निष्काळजीपणे भलत्याच ठिकाणी जोडून दिला. चूक उमगल्यावर खेद व्यक्त करण्याऐवजी ती मोठमोठ्याने हसू लागली. हे हास्यास्पद हास्य ध्वनिक्षेपकावरून शेकडो नागरिकांनी ऐकले. केंद्राच्या इंजिनिअरांनी सदर तरुणीस तत्काळ निलंबित केले. नोकरी म्हणजे थट्टा नव्हे, हे अशा तरुणींना कोण सांगणार?"

हास्यास्पद हास्य! कोण हा गाढव? मुलगी एकदा हसली तर याने तिला समाजाच्या वेशीवर टांगलं. आणि शेवटी तो प्रश्न — कोण सांगणार म्हणे. तू सांग की. सांगितलंसच.

दप्तरी म्हणाला, "मिळालं का मनासारखं?" म्हटलं, मनासारखं? खजिना मिळाला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेख झरझर उतरतोय. टेलिफोनची बातमी सगळ्यात वर घेतली. त्या बातमीदाराला असा सोलून काढलाय की जिवंत असेल तर तोंड लपवेल. एक वाक्य फार झकास जमलं — "या बातमीदाराने बातमी लिहिली नाही, शिंक दिली आहे."

७ फेब्रुवारी, शनिवार

हिला लेख वाचून दाखवला. घड्याळाला हसली. मस्त वाचकाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. टेलिफोनला हसली नाही.

"ती आपली लॉन्ड्रीवाली."

"कोण?"

"ही टेलिफोनवाली. चौकातली लॉन्ड्री तिचीच. सगळ्यांना माहीत आहे. तुमचे शर्ट तीस वर्षं तिथेच जातात."

मला माहीत नव्हतं. शर्ट कपाटात असतात एवढं माहीत आहे. ही म्हणाली, "तिला विचारून छापा. तिची नोकरी गेली होती त्यात."

म्हटलं, अगं मी तिची बाजू घेतलीय. झोडलंय त्या बातमीदाराला. उलट तिला अंक पाठवू, खूश होईल.

"तिला विचारून छापा," पुन्हा तेच. शाळेत शिकवण्यात छत्तीस वर्षं काढली की माणूस एकच वाक्य दोनदा म्हणतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा जिन्याखाली गेलो. खुलासा कितव्या पानावर होता, एवढंच पाहायचं होतं. न जातो तर बरं झालं असतं.

दप्तऱ्याने अंक मांडून ठेवलाच होता. म्हणाला, "ही कार्यालयाची प्रत आहे बरं का. कुठली बातमी कुणाची, ते कडेला लाल पेन्सिलीने लिहीत असत. आता फिकं झालंय." आणि पान दिव्याखाली तिरपं धरलं. कंडक्टरच्या शेजारी म्हाताऱ्या उपसंपादकांची खूण. घड्याळाशेजारी कुणा दुसऱ्याची.

टेलिफोनच्या बातमीशेजारी माझी.

मी चष्मा पुसला. दप्तरी भाबडेपणाने म्हणाला, "ही तुमचीच की. तुम्ही नवीन लागला होतात तेव्हा. ही बातमी गाजली होती. मोठ्या मालकांनी चहा पाजला होता सगळ्यांना."

घरी येऊन माळ्यावरून त्या वर्षीची रोजनिशी काढली. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. अक्षर सुरेख, मजकूर टाकाऊ. १४ फेब्रुवारी :

"दुपारी मॅटिनी. चित्रपट रद्दी. टेलिफोन केंद्राचा कार्यक्रम चुकला तो चुकलाच. संध्याकाळी केंद्रात फोन लावून बातमी घेतली. तिखटमीठ आपलं. झकास जमली. मुख्य उपसंपादकांनी पाठ थोपटली."

मी तिथे गेलोच नव्हतो.

ती हसली की नाही, मोठ्याने की हळू, शेकडो नागरिक होते की पंचवीस — काही पाहिलं नव्हतं. थेटरात पाय पसरून बसलो होतो.

पाच तारखेला लिहिलेलं ते शिंकेचं वाक्य वाचलं. मग वाचवेना.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "तरी म्हटलं, इतका राग कुणाचा आलाय तुम्हाला."

११ फेब्रुवारी, बुधवार

लॉन्ड्रीत गेलो. दुपारी तीन वाजता, गिऱ्हाईक कमी असेल या हिशेबाने. माफी मागायला गेलेल्या माणसाला साक्षीदार नको असतात.

एकखणी दुकान. पुढे फळी, मागे तारेवर लटकलेले कोट, शर्ट, एक लहान मुलीचा फ्रॉक. कोपऱ्यात इस्त्रीच्या टेबलाशी नवरा, सत्तरीच्या पुढचा, कानाने कमी. फळीशी बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात कापडी नंबर टाचायची सुई. मला पाहून तिने रजिस्टर ओढलं. "पावती?"

पावती नाही म्हटलं. मग सगळं सांगून टाकलं — पेपर, अंक, लाल पेन्सिल, मॅटिनी. मॅटिनीचं सांगताना अडखळलो. तिने शेवटपर्यंत ऐकलं. सुई एकदाही थांबली नाही.

"मग? आता काय करू मी?" म्हणाली. "तुमच्या माफीची घडी घालून कुठे ठेवू?"

मी म्हटलं, निदान खरं काय झालं ते सांगा.

तिने नवऱ्याकडे मान वळवून मोठ्याने सांगितलं, "अहो, टेलिफोनचं विचारतायत!" म्हाताऱ्याने इस्त्री उभी केली आणि त्याचं तोंड एकदम उजळलं. ही गोष्ट त्याने हजार वेळा सांगितली असणार, आणि हजार वेळा आवडीने.

"दुकानात नवाच फोन घेतला होता," तो म्हणाला. "घंटी वाजली. उचलला. पलीकडून एक जण म्हणतो, आजचा दिवस या शहराच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल. मला वाटलं, कुणी गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, सोनेरी काम आम्ही धूत नाही साहेब, ते बाहेर द्या. तो म्हणतो, आपण सारे या क्षणाचे साक्षीदार आहोत. मी म्हटलं, असाल, पण पावतीशिवाय कपडे मिळणार नाहीत. मग जरा थांबला. म्हणतो, आपण नगराध्यक्ष ना? मी म्हटलं, नगराध्यक्षांचा एक कोट आलाय धुवायला, डाग पडलाय, परवा मिळेल."

चाळीस वर्षांत मी इतका हसलो नसेन. हसलो आणि मग लाज वाटली. बाई माझ्याकडे बघत होती.

"बघा," ती म्हणाली. "तुम्हीही हसलात. तिथेही सगळे हसले. पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या, पोलीस हसला. माझ्यासमोरचा माईक चालू राहिला होता, म्हणून माझं हसू भोंग्यातून गेलं. तेवढंच. हसल्याचं मला काही वाटत नाही. आजही हसेन."

"पण नोकरी गेली."

"गेली. ठरलेलं लग्नही गेलं. मुलगा मास्तर होता. त्याच्या आईने तुमचा पेपर पाठवून दिला, घडी घालून. चिठ्ठीसुद्धा नाही. चार दिवसांनी मी इथे आले, यांची माफी मागायला. उगीच यांचं नाव गावभर झालं होतं ना." तिने सुईत नवा दोरा ओवला. "यांनी चहा पाजला. म्हणाले, माफी कशाची, त्या फोनपासून गिऱ्हाईक दुप्पट झालंय. लग्न केलं आम्ही."

आतापर्यंत सगळं बरं चाललं होतं. मला वाटू लागलं होतं की माझ्या गाढवपणाने एक संसारच उभा केला. आणि मी तो प्रश्न विचारला. घरचे काय म्हणाले?

सुई थांबली.

"वडील तिथेच कारकून होते, टेलिफोन केंद्रात. त्यांनीच मला चिकटवलं होतं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. अकरा वर्षं. गेले तोपर्यंत."

"पेपर वाचायचे?"

"रोज. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तुमचाच."

पोटच्या मुलीपेक्षा छापलेल्या चार ओळींवर विश्वास ठेवणारा बाप. आणि त्या चार ओळी माझ्या. थेटरातून आलेल्या.

म्हटलं, दुरुस्ती छापतो. याच पुरवणीत.

"चाळीस वर्षांनी?"

"चाळीस वर्षांनी."

तिने तो लहान मुलीचा फ्रॉक तारेवरून काढून फळीवर घेतला. मग म्हणाली, "मी चुकीचा नंबर जोडला असं तुम्ही लिहिलंत, ते मला लागलं होतं. हसले ते हसले. पण नंबर मी चुकवला नव्हता. नगराध्यक्षांचा नंबर होता एकवीस सत्तेचाळीस. मला आलेल्या चिठ्ठीवर होता एकवीस चौऱ्याहत्तर. मी एकवीस चौऱ्याहत्तर जोडला. जुन्या केंद्रापासून तीन वर्षांत मी एकही नंबर चुकवला नव्हता."

"चिठ्ठी कुणी दिली?"

"आतल्या ऑफिसातून आली." मग बोट उगारून, मला शाळेत उभं केल्यासारखं : "छापायचंच असेल तर एकच ओळ छापा. ऑपरेटरने तिच्या हातात दिलेलाच नंबर जोडला होता. त्यापुढे एक अक्षर नको."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी निघालो.

आतलं ऑफिस. आतल्या ऑफिसात बसायचं कोण? इंजिनिअर. चुकीचा नंबर द्यायचा याने, आणि निलंबित करायचं तिला. नाकाने कांदे सोलणारा माणूस तेव्हाही होता, मी पुढे चारदा भेटलोय त्याला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लेख नव्याने लिहिला. माझी लाल पेन्सिल, मॅटिनी, लॉन्ड्री, इंजिनिअर — सगळं घातलं, स्वतःला हातचं न राखता झोडलं. टाइप करून घेऊन चिरंजीवांच्या टॅबवर पाठवला आणि समोर बसलो. त्यांनी मोबाईलकडे बघत बघत वाचला, म्हणजे वाचला नाही. मग एका ठिकाणी डोळे थबकले.

"काका, हे इंजिनिअर म्हणजे आपलेच इंजिनिअरसाहेब का? तेच तर पंधराच्या समारंभाचे प्रमुख पाहुणे आहेत. त्यांचा कारखाना आपल्याला दर रविवारी अर्धं पान जाहिरात देतो."

म्हटलं, मग?

"मग हे नको ना. सिरियस होतंय. गंमत हवी होती. तुम्ही घड्याळावर वाढवा. घड्याळ फार छान आहे."

माझ्याच पिढीने या पेपरात जाहिरातदारापुढे माना खाली घालायची चाल पाडली. तरी याने ती शिकताना एवढा आनंद दाखवायला नको होता. टेलिफोनचा परिच्छेद त्याने माझ्यादेखत बोटाने पुसला. पूर्वी निदान कात्री लागायची.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मी कच्च्या गुरूचा चेला नाही. छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर गेलो. तिथे कोण काय देतो हे संपादकाच्या बापालाही कळत नाही. खरोखरच कळत नसे.

खिडकीतल्या मुलीने मजकूर न वाचताच विचारलं, "कशात टाकू? स्थळं, भाड्याने देणे, नावात बदल, हरवले-सापडले?"

"हरवले-सापडले," म्हटलं.

बाईंनी सांगितलेली ओळ लिहिली. नुसती लंगडी वाटली. ऑपरेटरने दिलेलाच नंबर जोडला होता — बरं, मग चुकलं कोण? वाचक विचारणारच. म्हणून दुसरी ओळ घातली. एवढी वर्षं या धंद्यात काढली ती अर्धवट बातमी द्यायला नाही. शेवटी असं झालं :

"दुरुस्ती. चाळीस वर्षांपूर्वी टेलिफोन केंद्राच्या उद्घाटनात ऑपरेटरने तिच्या हातात दिलेलाच नंबर जोडला होता. चुकीचा नंबर तत्कालीन इंजिनिअरांनी दिला होता. — ती बातमी लिहिणारा."

खाली नाव, पत्ता, फोन, सगळं.

हिला दाखवलं. म्हणाली, "दुसरी ओळ तिने सांगितली होती का?"

म्हटलं, ओघाने येतेच ती.

"ओघाने काय येतं? धचा मा झाला तोही ओघानेच झाला होता."

या बाईला मी आयुष्यभर घरी मुख्याध्यापिका होऊ दिलं, ही चूक.

१५ फेब्रुवारी, रविवार

आलं छापून! सातव्या पानावर, हरवलेलं कुत्रं आणि सापडलेली छत्री यांच्या मधोमध. एकही चूक नाही. चाळीस वर्षांत या पेपरने माझा मजकूर जसाच्या तसा छापल्याची पहिली वेळ.

पुरवणीतला लेखही आला. घड्याळ, घड्याळ आणि घड्याळ.

संध्याकाळी समारंभ. हिला घेऊन गेलो. नाही म्हणत होती, पण मला साक्षीदार हवा होता. व्यासपीठावर इंजिनिअर. ब्याऐंशी वर्षांचा, हाताला धरून सून बसवून गेली. अजून ताठ मान, अजून टाय. चिरंजीवांनी त्याच्या थोरवीचं भाषण केलं. "शहराचा आवाज ज्यांनी शहराला दिला" वगैरे. कुणी लिहून दिलं कोण जाणे.

शेजारी बसलेल्या कुणा डॉक्टरांनी त्याच्यापुढे सातवं पान धरलं. मी तिसऱ्या रांगेतून बघत होतो. इंजिनिअरने चष्मा बदलला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पेपरची घडी घातली, नीट, चारदा, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला. लोकांना वाटलं भाषणाला उठला. तो सुनेला खूण करून जिना उतरला आणि बाजूच्या दाराने निघून गेला. चिरंजीव ध्वनिक्षेपकापुढे तोंड उघडं टाकून उभे. त्या चेहऱ्याचा फोटो छापायला हवा होता, ओळ कुठलीही चालली असती.

छापील शब्दाने माणूस उठून गेलेला मी आज डोळ्यांनी पाहिला. आजवर छापील शब्दाने कुणी कूससुद्धा बदललेली पाहिली नव्हती.

परत येताना कोपऱ्यावर ही म्हणाली, "त्याचे हात थरथरत होते."

म्हटलं, थरथरू देत. त्या मुलीचे थरथरले नसतील?

"तुम्ही कुठे पाहिले होते?" ही म्हणाली आणि पुढे झाली.

बोलू दे. आज मला फार बरं वाटतंय. लॉन्ड्रीतून फोन येईल उद्या. काय म्हणतील बाई? आभार मानणाऱ्यांतल्या नाहीत त्या. पण फोन येईल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठला फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"तुम्हाला एकच ओळ सांगितली होती मी. इंजिनिअरांचं कुणी घालायला सांगितलं?"

म्हटलं, चिठ्ठी त्यांच्याच ऑफिसातून —

"चिठ्ठी माझ्या वडिलांनी लिहिली होती. साहेबांनी तोंडी सत्तेचाळीस सांगितलं. वडिलांनी घाईत सात आधी लिहिला. मी अक्षर ओळखलं होतं. कार्यक्रम झाल्यावर मीच चिठ्ठी फाडून टाकली आणि गप्प बसले. तेही गप्प बसले. मला तोंड दाखवायला जागा नव्हती त्यांना, म्हणून बोलायचे नाहीत. तुमच्या पेपरामुळे नाही."

मी सातवं पान उलटं घातलं. ती म्हणाली, "आता ही दुरुस्ती दुरुस्त करायला जाऊ नका. केलीत तर त्यांचं नाव येईल," आणि फोन ठेवला.

इंजिनिअरच्या घरी निघालोय. काय सांगायचं ते ठरलेलं नाही. जे खरं आहे ते सांगता येणार नाही.